बी.एस्सी. नर्सिंगला जायचंय? आधी हॉस्पिटल बघा, मग कॉलेज

बारावी सायन्सनंतर नर्सिंगचा फॉर्म भरणाऱ्या मुलामुलींचं, आणि त्यांच्या आईवडिलांचं, सगळं लक्ष दोनच गोष्टींवर असतं: सीईटीत किती पडले आणि कॉलेजची फी किती. दोन्ही बघायलाच हवं. पण चार वर्षांनी नोकरीच्या मुलाखतीत किंवा पहिल्या नाइट ड्यूटीला जे कामाला येतं, ते वॉर्डात तयार झालेलं असतं. त्यामुळे कॉलेज निवडताना पहिला प्रश्न एकच असायला हवा. या कॉलेजच्या मुलांना रोज किती आणि कसे पेशंट बघायला मिळतात? बाकी सगळं त्यानंतर.

आधी नर्सिंगच्या कोर्सचा गोंधळ मिटवू. एएनएम दोन वर्षांचा, मुख्यतः गावपातळीवरच्या आरोग्यसेवेसाठी. जीएनएम तीन वर्षांचा डिप्लोमा, आणि तो कला किंवा वाणिज्य शाखेच्या मुलांनाही करता येतो. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांची पदवी, आणि तिला बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि इंग्रजी हवंच. बायॉलॉजी सोडून गणित घेतलेल्यांना इथे प्रवेश नाही. जीएनएम झाल्यावर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून पदवी मिळवता येते. म्हणजे एखाद्या वर्षी सीईटी फसली तरी दार बंद होत नाही, एक वर्ष जास्त लागतं इतकंच.

पात्रता आणि सीईटी

प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षं पूर्ण हवीत. फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी मिळून ४५ टक्के, म्हणजे ३०० पैकी १३५ गुण. राखीव प्रवर्गाला ४० टक्के, म्हणजे १२०. इंग्रजी नुसतं पास लागतं. हा कोर्स मुलग्यांनाही खुला आहे. काही संस्था मात्र फक्त मुलींच्या आहेत, उदाहरणार्थ एसएनडीटी विद्यापीठाचं मुंबईतलं लीलाबाई ठाकरसी नर्सिंग कॉलेज.

महाराष्ट्रातले बहुतेक प्रवेश राज्य सीईटी कक्षाच्या बी.एस्सी. नर्सिंग सीईटीवर होतात. पेपर १०० प्रश्नांचा, १०० गुणांचा, वेळ ९० मिनिटं. फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी, इंग्रजी आणि नर्सिंग अ‍ॅप्टिट्यूड या पाचांना प्रत्येकी २० गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. एका प्रश्नाला साधारण ५४ सेकंद येतात. फिजिक्सच्या गणितात अडकून बसलं की शेवटी इंग्रजीचे सोपे प्रश्न बघायचेच राहतात. बायॉलॉजी, इंग्रजी, अ‍ॅप्टिट्यूड आधी उरका, फिजिक्स शेवटी ठेवा. नीटची तयारी करणारी मुलं इथे इंग्रजी आणि अ‍ॅप्टिट्यूडला गृहीत धरतात आणि तिथेच मार खातात. हे ४० गुण महिनाभराच्या सरावात हाती लागणारे आहेत.

सैन्यदलाचा मार्ग वेगळा आहे. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसच्या बी.एस्सी.साठी नीटचे गुण धरतात, जागा फक्त अविवाहित मुलींना, आणि शिक्षणानंतर सेवेचा बॉण्ड असतो. पुण्याचं सैन्यदलाचं वैद्यकीय महाविद्यालय एएफएमसी आणि मुंबईचं नौदलाचं हॉस्पिटल आयएनएचएस अश्विनी ही त्यातली महाराष्ट्रातली दोन ठिकाणं. एम्सची बी.एस्सी. ऑनर्सची प्रवेश परीक्षाही स्वतंत्र असते आणि तिथे खुल्या प्रवर्गाला बारावीला ५५ टक्के लागतात. यातलं काहीही डोक्यात असेल तर अकरावीतच ठरवा. फॉर्मच्या तारखा एकमेकींसाठी थांबत नाहीत.

कागदपत्रं: बहुतेक प्रवेश इथे अडतात

गुण असूनही जागा गेली, असं दरवर्षी घडतं, आणि कारण बहुधा एखादा दाखला असतो. सगळ्यात वेळखाऊ म्हणजे जात वैधता. जातीचा दाखला वेगळा आणि वैधता प्रमाणपत्र वेगळं. वैधता जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती देते, त्यासाठी वडिलांकडचे जुने पुरावे लागतात आणि महिने जातात. अकरावी किंवा बारावीत असतानाच कॉलेजमार्फत अर्ज टाकलेला असावा. निकालानंतर धावपळ करून ते हाती येईल असं धरून चालू नका. वेळेत वैधता नसेल तर राखीव जागेवरचा हक्क जातो आणि खुल्या यादीत उभं राहावं लागतं.

नॉन-क्रिमिलेयर दाखल्यावरची मुदतीची तारीख वाचा. गेल्या वर्षीचा दाखला ३१ मार्चला संपलेला असतो आणि अपलोड करताना ते कोणाच्या लक्षात येत नाही. अधिवास दाखला, उत्पन्नाचा दाखला, मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र, शाळा सोडल्याचा दाखला, मेडिकल फिटनेस, हे सगळं स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवा. स्कॅन सरळ आणि वाचता येईल असं हवं. मोबाइलवर काढलेला अंधुक फोटो पडताळणीत परत येतो, आणि दुरुस्तीला मिळणारे दिवस मोजके असतात.

कॅपचा, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा, ऑप्शन फॉर्म (कॉलेजांचा पसंतीक्रम) भरताना ‘हे मिळेल का’ असा विचार करून क्रम लावू नका. जे खरोखर हवं ते सर्वांत वर, त्याखाली दुसरं. वरचा पर्याय मिळाला की खालच्यांचा विचारच होत नाही. त्यामुळे नको असलेलं कॉलेज ‘सेफ’ म्हणून वर टाकलं तर तेच पदरात पडतं. मिळालेली जागा घेऊन पुढच्या फेरीत थांबता येतं का, नाकारली तर काय होतं, अनामत कधी बुडते, हे नियम त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत असतात. पहिल्या फेरीच्या आधीच वाचून ठेवा, नंतर नव्हे.

कॉलेज निवडताना काय बघायचं

तीन नावं तपासा: महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता, भारतीय परिचर्या परिषदेची यादी आणि नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता. तिन्ही त्या-त्या संकेतस्थळावर, चालू वर्षासाठी. गेल्या वर्षी मान्यता होती म्हणून यंदा असेलच असं नाही. कॅपच्या यादीत कॉलेजचं नाव नाही आणि ‘थेट प्रवेश देतो’ असं कोणी सांगत असेल, तर एक रुपयाही देण्याआधी ही तपासणी करा.

मग हॉस्पिटल. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार कॉलेजला स्वतःचं १०० खाटांचं हॉस्पिटल असावं आणि वॉर्डात एका विद्यार्थ्यामागे तीन पेशंट असावेत. कागदावर हे सगळीकडे जुळतं. प्रत्यक्षात बघायचं असेल तर कामाच्या दिवशी सकाळी अकराला त्या हॉस्पिटलमध्ये जा. ओपीडीत किती गर्दी आहे, मेल आणि फिमेल मेडिसिन वॉर्डात किती खाटांवर माणसं आहेत, किती गाद्या गुंडाळून ठेवल्यात, हे पाच मिनिटांत कळतं. जिथे पेशंट नाहीत तिथे एका माणसाभोवती दहा-बारा मुलं उभी राहतात. इंजेक्शन एकजण देतो आणि ते सगळ्यांच्या लॉगबुकात, म्हणजे केलेल्या कामाच्या नोंदवहीत, चढतं. ती चोरी परीक्षेत कदाचित खपते, पण नोकरीच्या पहिल्या महिन्यात शिरेत कॅन्युला (सलाइनसाठीची बारीक नळी) घालताना हात थरथरतो तेव्हा उघडी पडते.

तिथे शिकणाऱ्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांना गाठून विचारा. महिन्याला किती डिलिव्हरी होतात आणि त्यातल्या किती विद्यार्थ्यांच्या हातून? लहान मुलांच्या आयसीयूत आत जाऊ देतात का? मानसिक आरोग्याची पोस्टिंग कुठे असते? राज्यात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे आहेत. कॉलेज दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर या पोस्टिंगला काही आठवडे बाहेर राहावं लागतं. राहण्याचा आणि प्रवासाचा खर्च कोण करतं, हे आधी माहीत हवं.

फीबद्दल एवढंच: खासगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर दिसते. तिथला आकडा आणि कॉलेजने सांगितलेला आकडा समोरासमोर ठेवा. गणवेश, बस, वसतिगृह, पोस्टिंगचा खर्च यांचे आकडे लेखी मागा. कॅपमधून प्रवेश घेतलेल्यांना राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, मर्यादा ८ लाख वार्षिक उत्पन्नाची. २०२४-२५ पासून याच मर्यादेत बसणाऱ्या आर्थिक दुर्बल, मराठा आणि इतर मागासवर्गीय मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. संस्थास्तरावर, म्हणजे मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला तर हे काही मिळत नाही, आणि ही गोष्ट प्रवेशाच्या टेबलावर क्वचितच कोणी सांगतं. महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती संकेतस्थळावरचा अर्ज दरवर्षी नव्याने भरावा लागतो, बँक खातं आधारशी जोडलेलं हवं, आणि अर्ज कॉलेजच्याच लॉगिनमध्ये पडून राहतो, तेव्हा दर आठवड्याला ऑफिसात जाऊन स्थिती विचारत राहा.

आत गेल्यावर

सध्याचा अभ्यासक्रम आठ सत्रांचा आणि क्रेडिटवर चालणारा आहे. क्रेडिटचं गणित समजलं की नर्सिंगचं सगळं वजन कुठे आहे ते कळतं. एका सत्रात थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे २० तास, लॅबचं ४० तास, आणि क्लिनिकलचं, म्हणजे वॉर्डातल्या कामाचं, ८० तास. पहिल्या सत्रात नर्सिंग फाउंडेशनचे वॉर्डातले १६० तास, दुसऱ्यात ३२०, आणि तिसऱ्या सत्रात अ‍ॅडल्ट हेल्थ नर्सिंगचे एकट्याचे ४८०. थिअरी आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी चालते, क्लिनिकलला मात्र पदवी हाती पडण्यापूर्वी १०० टक्के भरावीच लागते. आजारपणात किंवा लग्नसराईत बुडालेली प्रत्येक ड्यूटी नंतर भरून काढावी लागते, बहुधा सुटीत.

पहिल्या वर्षी अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री, पोषण. दुसऱ्यात मायक्रोबायॉलॉजी, फार्माकॉलॉजी, पॅथॉलॉजी आणि मोठ्यांचे आजार. तिसऱ्यात बालरोग, मानसिक आरोग्य, सामुदायिक आरोग्य, सहाव्या सत्रापासून प्रसूतिशास्त्र. सातव्यात संशोधन आणि संख्याशास्त्रही येतं. आठवं सत्र म्हणजे २२ आठवड्यांची इंटर्नशिप, आठवड्याला ४८ तास. पास व्हायला थिअरी आणि प्रॅक्टिकलमध्ये वेगवेगळे ५० टक्के लागतात. विषय राहिला तरी पुढच्या सत्रात बसता येतं, पण मागचे सुटल्याशिवाय पाचव्या आणि सातव्या सत्राची परीक्षा देता येत नाही. बॅकलॉग ‘पुढे बघू’ म्हणून ढकलणाऱ्यांची गाडी तिसऱ्या वर्षी अचानक अडते ती यामुळे.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना पहिले तीन महिने जड जातात, कारण शिकवणं आणि पेपर दोन्ही इंग्रजीत. डिक्शनरी पाठ करून उपयोग नाही. वैद्यकीय शब्द तुकड्यांनी बनतात. हायपो म्हणजे कमी, हायपर म्हणजे जास्त, शेवटी आयटिस असेल तर दाह, एक्टॉमी असेल तर कापून काढणं. असे शंभरेक तुकडे वहीत लिहून काढले की सर्जरीचं पुस्तक वाचता येऊ लागतं.

आता वॉर्डातल्या दोन गोष्टी जवळून बघू.

श्वास मोजणं सगळ्यात सोपं वाटतं आणि सगळ्यात जास्त खोटं लिहिलं जातं ते हेच. चार्टवर ओळीने २०, २०, २२ असे आकडे दिसतात, मोजलेलं कोणीच नसतं. आपला श्वास कोणी मोजतंय हे कळलं की माणसाचा श्वास बदलतो. म्हणून नाडी मोजून झाल्यावर बोटं मनगटावरच ठेवायची, नजर छातीकडे वळवायची आणि पूर्ण एक मिनिट मोजायचं. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही, कारण आजारी माणसाचा श्वास एका लयीत नसतो. मोठ्या माणसाचा साधारण १२ ते २०. तो २६-२८ वर गेलेला असतो तेव्हा पुष्कळदा बीपी अजून चांगलं असतं. पेशंट बिघडत असल्याची पहिली खूण हा आकडा देतो, आणि तो तुमच्या हातात असतो.

दुसरं सलाइनचं गणित. ५०० मिली ४ तासांत द्यायचंय. आयव्ही सेटच्या पाकिटावर एका मिलीला किती थेंब ते छापलेलं असतं. २० असेल तर ५०० गुणिले २० म्हणजे १०,०००, भागिले २४० मिनिटं, उत्तर मिनिटाला ४२ थेंब. सेट १५ थेंबांचा असेल तर तेच उत्तर ३१ येतं. पाकीट न वाचता सवयीने ४२ लावले आणि सेट १५ चा निघाला, तर बाटली चार तासांऐवजी तीन तासांत संपते. धडधाकट तरुणाला काही होणार नाही. हृदय कमकुवत असलेल्या आजींच्या फुफ्फुसांत मात्र पाणी भरू शकतं.

लहान मुलांच्या डोसमध्ये तर जास्तच जपावं लागतं. जेंटामायसिन या अँटिबायोटिकच्या २ मिलीत ८० मिलिग्रॅम, डॉक्टरांनी लिहिलंय ३० मिलिग्रॅम. ३० भागिले ८० गुणिले २, म्हणजे ०.७५ मिली. हे २ मिलीच्या सिरिंजमध्ये नीट मोजता येत नाही, १ मिलीची घ्या. आणि लिहिताना टिंबाच्या आधीचं शून्य कधीही गाळू नका. नुसतं ‘.७५’ लिहिलं आणि टिंब पुसट झालं की पुढचा माणूस ७५ वाचतो. ही गणितं पहिल्या वर्षापासून रोज दोन-तीन सोडवा. सरकारी भरतीच्या परीक्षेतही ती हमखास येतात.

प्रॅक्टिकलच्या ओस्की परीक्षेत, म्हणजे एकामागून एक टेबलांवर (स्टेशनवर) कौशल्य करून दाखवण्याच्या परीक्षेत, प्रत्येक स्टेशनवर पाच-दहा मिनिटं मिळतात आणि परीक्षक तपासणी यादीवर खुणा करतो. इंजेक्शन देताना सुई कुठे टोचली याचे गुण मिळतातच, पण ते कापले जातात भलतीकडेच: हात धुतले नाहीत, नाव विचारून फाइलशी जुळवलं नाही, अ‍ॅलर्जी विचारली नाही, आणि वापरलेल्या सुईला परत टोपी लावली. शेवटची चूक फक्त गुणांची नाही. टोपी लावतानाच सुया बोटात घुसतात. सुई थेट पांढऱ्या, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यात टाकायची. सलाइनची नळी, ग्लोव्हज लाल पिशवीत, रक्ताचे बोळे पिवळ्यात, काचेची अँप्युल निळ्या खोक्यात.

तरीही टोचलीच तर जागा साबणपाण्याने धुवा. पिळायची नाही, बोट तोंडात घालायचं नाही. आणि लगेच इन्चार्ज सिस्टरना सांगा. एचआयव्ही प्रतिबंधाची औषधं लागली तर ती शक्यतो दोन तासांत सुरू व्हावी लागतात, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही. ओरडा बसेल या भीतीने लपवणारी मुलं असतात. कृपा करून लपवू नका. कावीळ बीची लस तर प्रवेश नक्की होताच सुरू करा. तिचे डोस शून्य, एक आणि सहा महिने असे असतात आणि वॉर्ड पहिल्याच सत्रात सुरू होतो.

लॉगबुक, केस स्टडी, केअर प्लॅन, प्रसूतीचं केसबुक यांचा डोंगर सगळ्यांनाच छळतो. त्याच दिवशी लिहिलं तर अर्धा तास जातो, सत्राअखेरीस लिहायला बसलं तर रात्रीच्या रात्री. प्रसूतीच्या नोंदींना ठरलेली संख्या असते, आणि ती गाठायला नाइट पोस्टिंग मागून घ्यावी लागते. बाळंतपणं दुपारच्या जेवणाची वेळ बघून होत नाहीत. मुलग्यांनाही या पोस्टिंग सुटत नाहीत. लेबर रूममध्ये सिस्टर सोबत असताना, बाईची परवानगी घेऊन, आदराने काम करायचं.

पदवीनंतर

निकाल लागला म्हणजे नर्स झालं असं नाही. महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होऊन आरएन-आरएम (नोंदणीकृत नर्स आणि मिडवाइफ) क्रमांक मिळाल्याशिवाय कायदेशीरपणे काम करता येत नाही, आणि ही नोंदणी वेळोवेळी नूतनीकरण करावी लागते. एम्सच्या नॉर्सेट या नर्सिंग ऑफिसर भरतीच्या परीक्षेला बी.एस्सी.वाले ताजे पदवीधरही बसू शकतात. जीएनएमवाल्यांना त्यासाठी ५० खाटांच्या हॉस्पिटलमधला दोन वर्षांचा अनुभव लागतो. एम्समध्ये नर्सिंग ऑफिसरच्या जागा ८० टक्के महिलांना आणि २० टक्के पुरुषांना असतात, म्हणून मुलग्यांनी राज्याच्या आणि महापालिकांच्या भरतीवरही लक्ष ठेवावं.

परदेशाचा विचार असेल तर प्रत्येक देशाची वाट निराळी. अमेरिकेला एनक्लेक्स-आरएन, ८५ ते १५० प्रश्नांची, उत्तरांनुसार पुढचे प्रश्न बदलणारी परवाना परीक्षा. ब्रिटनला ओईटी किंवा आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा, मग संगणकावरची परीक्षा आणि शेवटी तिथे जाऊन ओस्की. आखातात डेटाफ्लो या कंपनीकडून कागदपत्रांची पडताळणी. अमेरिकेसाठी कागदपत्रं तपासताना बालरोग, मानसिक आरोग्य, प्रसूती अशा प्रत्येक विभागात थिअरी आणि क्लिनिकलचे किती तास झाले ते मागतात. त्यासाठी विद्यापीठाचं ट्रान्सक्रिप्ट आणि कॉलेजच्या तासांचा तक्ता लागतो. इंटर्नशिप संपण्याआधी तो तक्ता सही-शिक्क्यानिशी मागून घ्या आणि लॉगबुकाची झेरॉक्स जवळ ठेवा. दहावीचं प्रमाणपत्र, आधार आणि पासपोर्ट यांवर नावाचं आणि आडनावाचं स्पेलिंग एकच आहे ना, हे पहिल्याच वर्षी बघून दुरुस्त करून घ्या, कारण परिषदेच्या नोंदणीवर एकदा चुकीचं नाव चढलं की ते बदलायला राजपत्रापासून सुरुवात करावी लागते.